पायताणांची रांग

शनिवार, रात्री साडेदहा

आज सोन्या ‘दे’ म्हणाला. मला. माझ्याकडे बघून. हात कापतोय लिहिताना, पण आजच लिहून ठेवायचं आहे.

आमच्या उंबऱ्याशी पायताणांचा ढीग असतो. सोन्या सकाळी उठला की तिथंच जाऊन बसतो आणि रांग लावतो. आधी मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, कर्रकर्र वाजणारं कोल्हापुरी, मग ह्यांचे बूट, मग माझ्या चपला, शेवटी स्वतःचे पिटुकले सँडल. क्रम चुकला की आकांत. वर्षभर मी ती पायताणं उचलून माळ्यावर टाकत होते. घाण असते, हात लावू नको, म्हणत होते. आणि चित्रांची कार्डं त्याच्यापुढं धरत होते. हे काय? हत्ती. म्हण, हत्ती. तो पाठ फिरवायचा. मी पुन्हा त्याच्यासमोर जाऊन बसायची.

दीड वर्षाचा झाला तरी एक शब्द नव्हता. हाक मारली तर वळायचा नाही. आत्ती, माझ्या सासूबाई, म्हणाल्या, ‘अगं ह्याचा बापबी तीन वर्षं बोलला न्हवता.’ लस द्यायला जायचो ते डॉक्टरही म्हणाले, मुलगे उशिरा बोलतात, थांबा. आठ महिने थांबलो आम्ही. ते आठ महिने मला आजही टोचतात. दोन वर्षांच्या मुलानं दोन शब्द जोडून बोलायला हवं, आणि तसं नसेल तर वाट न बघता तपासून घ्यावं, हे मला कुणी सांगितलंच नाही. शेवटी अंगणवाडीतल्या ताईंनी हटकलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायला येतं. त्यांनी आधी कान तपासायला पाठवलं. झोपलेल्या लेकराच्या डोक्याला वायरी चिकटवून बेरा नावाची ऐकण्याची तपासणी केली. ऐकू व्यवस्थित येत होतं. मग थेरपी.

पहिल्याच दिवशी थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, ‘ताई, महिनाभर त्याला एकही प्रश्न विचारू नका. शिकवू नका. जमिनीवर बसा आणि तो करतोय त्यात शिरा.’ ह्याला फ्लोअरटाइम म्हणतात. अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ स्टॅनले ग्रीनस्पॅन यांनी मांडलेली पद्धत. एका बैठकीला वीस ते तीस मिनिटं, अशा दिवसातून बऱ्याच बैठका. त्यानं काही केलं, त्यात शिरून मी काही केलं, त्यावर त्यानं पुन्हा उत्तर दिलं, की एक वर्तुळ पुरं. उत्तर शब्दातच हवं असं नाही. त्यानं माझा हात ढकलला तरी ते उत्तरच.

हे मला फार उशिरा उमगलं. मामांना मात्र कुणी सांगावं लागलं नाही. तरुणपणी तालमीत गेलेले. मॅडमना भेटायच्या कितीतरी आधीपासून ते संध्याकाळी सोन्यासमोर मांडीवर शड्डू ठोकत बसायचे. रोज. पोरगं बघतही नव्हतं तेव्हापासून. गेल्या महिन्यात सोन्यानं पहिल्यांदा स्वतःच्या मांडीवर थाप मारली. दुसऱ्याचं बघून केलेली ती त्याची पहिली गोष्ट. मामांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

आज सकाळी मी रांगेच्या टोकाला फरशीवर बसले. मामांचं एक पायताण हातात घातलं, कर्रकर्र करत चालवत आणलं आणि रांगेच्या मधोमध बसवलं. सोन्यानं ते ढकललं. मी पुन्हा आणलं. पुन्हा ढकललं, पण या खेपेला ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. पाच-सहा वेळा झालं. मग मी ते पदराखाली लपवलं आणि गप्प बसले.

गप्प बसणं सगळ्यात अवघड. ‘म्हण ना, दे म्हण’ हे जिभेवर येतंच. मी मनात आकडे मोजत राहिले. त्यानं पदर ओढला. मी हलले नाही. मग त्यानं मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं, पदराकडे नाही. डोळ्यात डोळे.

‘दे.’

दिलं. लगेच दिलं. आत्ती स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं धावत आल्या. मी त्यांना खुणेनंच थांबवलं, कारण सोन्या दुसरं पायताण उचलून माझ्या मांडीवर ठेवत होता. खेळ अजून चालू होता.

अजून खूप काही व्हायचं आहे. हाकेला दहातून चारदा वळतो. लग्नाकार्यात कानांवर हात ठेवून किंचाळतो. दुपारी तोच खेळ पुन्हा मांडला तर ‘दे’ आला नाही, नुसता पदर ओढला. मॅडम म्हणतात, त्याच्या ह्या अडचणीला नाव काय द्यायचं ते पुढं बघू, खेळ थांबवू नका.

मामांना अंबाबाईला जायचं होतं. अर्धा तास ते जिन्यापाशी उभे होते, आम्हाला कळलंही नाही. पायताण देते म्हटलं तर म्हणाले, ‘राहू दे, त्याची रांग मोडती.’ आणि अनवाणीच गेले.