शून्य बाइटची फाइल

करायचं एवढंच होतं की कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये लायसोझाइम पाण्यात सोडायचं. अंड्याच्या पांढऱ्यातलं ते १२९ अमिनो आम्लांचं प्रोटीन, ग्रोमॅक्स (रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारा प्रोग्राम) शिकणारे बरेच जण त्याच्यापासूनच सुरुवात करतात. उबुंटूवर एका कमांडमध्ये ग्रोमॅक्स येतं, तसंच आणलं होतं, चालतही होतं. पण लॉग फाइल उघडली तर आत लिहिलेलं की प्रोग्राम एसएसई२ या प्रोसेसरच्या जुन्या सूचनासंचासाठी कंपाइल केलाय आणि तुमच्या प्रोसेसरला तर एव्हीएक्स२ हा नवा संच पण येतो. म्हणजे एका फटक्यात आठ आकड्यांचा हिशोब करू शकणारा प्रोसेसर चार-चारच करत बसलाय. हे एकदा वाचल्यावर मला काही झोप येईना, मग स्वतःच कंपाइल करायला, म्हणजे मूळ कोडवरून प्रोग्राम बांधायला, सोर्स उतरवला.

सीमेकचं (बांधणीची तयारी करणारा प्रोग्राम) काही नाही, वेगळं बिल्ड फोल्डर करायचं आणि त्याला सांगायचं की एफएफटीडब्ल्यू ही गणिताची लायब्ररी तुझी तूच आणून बांध. (या लायब्ररीच्या नावाचा पूर्ण अर्थ 'पश्चिमेतलं सगळ्यात वेगवान फूरियर ट्रान्सफॉर्म' असा आहे, एमआयटीवाल्यांची गंमत. ग्रोमॅक्समधलं 'ग्रो' मात्र सरळ नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेनवरून आलंय, तिथल्या विद्यापीठात १९९१ च्या सुमारास हे सुरू झालं.)

मग मी शहाणपणा केला. प्रोसेसरला आठ थ्रेड आहेत ना, मग मेकला (प्रत्यक्ष बांधणी करणारा प्रोग्राम) सांगितलं जे ८, म्हणजे आठ कामं एकदम. रॅम पण ८ जीबी, हे लक्षातच नाही. सी++ च्या एकेका फाइलला कंपायलर कधीकधी गीगभर मेमरी खातो, तशा आठ एकदम, शिवाय ब्राउझर उघडा. माउस अडकला, पंखा विमानासारखा, आणि शेवटी 'किल्ड, सीसी१प्लस'. लिनक्सनेच जीव वाचवायला कंपायलरला मारलं. जे २ करून परत सुरू केलं आणि गच्चीवर गेले, कारण आईच्या कुरडया चालल्या होत्या आणि चीक गार व्हायच्या आत सोऱ्या फिरवायला माणूस हवा होता.

दुपारी दोनला लाइट गेली. मे महिन्यातलं इंदूर, त्यात नवल काय, पण माझ्या लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपासून मेलेली.

लाइट आल्यावर मेक परत चालवलं तर झालेल्या फाइली भराभर सोडत पुढे गेलं, मी खूश, आणि शेवटी सगळे तुकडे जोडताना, म्हणजे लिंक करताना, एरर की अमुक ऑब्जेक्ट फाइल (एका सोर्स फाइलचा कंपाइल झालेला तुकडा) ओळखता येत नाही, 'फाइल ट्रंकेटेड'. परत मेक, परत तेच. तासभर मी कंपायलरच्या व्हर्जनवर संशय घेत बसले. मग सहज त्या फाइलचा साइझ बघितला, शून्य! झालं असं होतं की फाइलचं नाव आणि वेळ डिस्कवर चढली, आतला माल मेमरीतच होता तो लाइटबरोबर गेला. आणि मेक फक्त वेळ बघतं हो, ऑब्जेक्ट सोर्सपेक्षा नवीन आहे ना, मग झालं काम, आत काही आहे का हे बघतंय कोण. फाइंड कमांडने शून्य साइझच्या सगळ्या ऑब्जेक्ट फाइली शोधल्या, तीन निघाल्या, उडवल्या, मेक केलं, झालं. मेक चेक, म्हणजे चाचण्या, पण पास. इन्स्टॉल करून जीएमएक्स (ग्रोमॅक्सची कमांड) टाइप केलं तर 'कमांड नॉट फाउंड', तेव्हा हसूच आलं. ग्रोमॅक्स कुठे आहे ते टर्मिनलला सांगणारी जीएमएक्सआरसी फाइल सोर्स करायची, म्हणजे वाचून घ्यायची, राहिली होती, एवढंच.

स्पीड दीडपटीच्या आसपास वाढला. आईला स्क्रीनवर प्रोटीन दाखवलं तर म्हणाली, "चार दिवस झाले, हेच करून राहिलीस का गं? ही तर कुरडई दिसते."

रात्री लाइट परत गेली, पण एमडीरन (ग्रोमॅक्समधली सिम्युलेशन चालवणारी कमांड) दर पंधरा मिनिटांनी चेकपॉइंट, म्हणजे तोवरची स्थिती, लिहितं, त्यामुळे तिथून पुढे चालू केलं. बाबा जेल रोडला जाऊन बॅटरीचा भाव विचारून आलेत, अजून आणली नाहीये.