पंप ठणठणीत होता

भूल दिलेल्या रुग्णाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ माझ्याकडे आला, तेव्हा त्यातला पंप आधीच दोनदा बदलून झाला होता. तक्रार तीच: 'सॅम्पल लाइन बंद'चा अलार्म, म्हणजे पंप ज्या नळीतून रुग्णाच्या श्वासाचा नमुना खेचतो ती तुंबल्याचा. नळी नवी, ओल अडवणारा वॉटर ट्रॅप नवा, तरी अलार्म.

हा पंप काड्यापेटीएवढा. मोटरच्या दांड्यावर जरा केंद्राबाहेर बसवलेला तुकडा रबरी पडद्याला खाली-वर हलवतो. पडदा खाली गेला की आतली झडप उघडून हवा खेचली जाते. वर आला की ती मिटते आणि बाहेरची उघडते. झडपा म्हणजे रबराच्या पातळ चकत्या. आत तेलाचा थेंब नाही, म्हणून वायूचा नमुना बिघडत नाही. जखमेवर उणे 125 मिमी पाऱ्याचा दाब धरणाऱ्या यंत्रांतही बहुधा असाच पंप असतो.

आधीच्या तंत्रज्ञाने काढलेला पंप पिशवीत सोबतच होता. तो उघडला. पडद्याला चीर नाही, चकत्या सपाट, खाली घाणीचा कण नाही. चांगला पंप नाहक बदलला, याचा मला खरंच राग आला.

यंत्रातल्या पंपाचं तोंड बंद करून गेज लावला तर निर्वात उत्तम. फ्लोमीटर लावला तर मिनिटाला 200 मिलिलिटरऐवजी जेमतेम 120. दोष पंपाच्या पुढे होता: बाहेर पडणाऱ्या हवेच्या वाटेवरचा छोटा फिल्टर ओल आणि धूळ बसून गच्च झाला होता. तोंड बंद केलं की प्रवाहच थांबतो, मग पुढचा अडथळा गेजला दिसणार कसा? आमच्या तपासणीच्या फॉर्मवर मात्र रकाना एकच, निर्वाताचा.

फिल्टर बदलला, प्रवाह 200 वर आला. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. प्रवाह घटला की यंत्र स्वतःच मोटरचा वेग वाढवून तो भरून काढतं. म्हणजे फिल्टर तुंबत असताना यंत्राच्या स्क्रीनवर सगळं सुरळीतच दिसलं असणार आणि मोटर जास्तीच्या भाराने तापत राहिली असणार. वेगाची मर्यादा गाठल्यावरच अलार्म, तोही नळीवर बोट ठेवणारा. आणि प्रवाह कमी पडला की कार्बन डायऑक्साइडचा आलेख पसरट होतो. भरभर श्वास घेणाऱ्या बाळांमध्ये तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

मोटर किती जोरात चालली आहे, तो आकडा सर्व्हिस मेनूत असतो. दर तपासणीला तो आणि प्रवाह, दोन्ही नोंदवा असं मी वरिष्ठांना लेखी कळवलं आहे. फॉर्म अजून बदललेला नाही. तोवर मी दोन्ही आकडे समासात लिहितो.