शेतावरचा एसटी-लिंक गप्प का होत होता

मंगळवारी रात्री साडेनऊला ओपनओसीडीने, म्हणजे चिपमध्ये प्रोग्राम भरायच्या सॉफ्टवेअरने, ‘ओपन फेल्ड’ एवढं म्हणून हात वर केले. मी संभाजीनगरला, आणि एसटी-लिंक (संगणक आणि चिप यांना जोडणारा प्रोग्रामर) अंबड तालुक्यातल्या आमच्या मोसंबीच्या बागेत, विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत. बाग ताणावर होती, म्हणजे पाणी बंद होतं, आणि शुक्रवारी ताण तोडायचं ठरलं होतं. आंबे बहाराचा ताण तोडताना पहिलं पाणी हलकं द्यावं लागतं, मग पाळीपाळीने वाढवत न्यायचं. ही वाढती पाळी मी ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या ब्लू पिल या छोट्या एसटीएम३२ बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये (चिपमधल्या प्रोग्राममध्ये) लिहिली होती, घरी टेबलावर तपासली होती. फक्त फ्लॅश करायची, म्हणजे चिपमध्ये भरायची, राहिली होती.

नवीन वाचणाऱ्यांसाठी मांडणी सांगतो. खोलीत रास्पबेरी पाय ३ बी हा छोटा संगणक आहे, पुढे नुसतं ‘पाय’ म्हणतो. सोलर पॅनल, १२ व्होल्टची बॅटरी, त्यावरून बक कन्व्हर्टरने ५ व्होल्ट. इथरनेटच्या तारेवर फोर-जी राउटर. सिमला बाहेरून पोचता येईल असा पत्ता मिळत नाही, म्हणून पाय स्वतःच वायरगार्ड या व्हीपीएनने बाहेर जोडणी करून ठेवतो आणि मी त्या वाटेने आत शिरतो. यूएसबीवर दोन वस्तू: ब्लू पिलला जोडलेला एसटी-लिंक व्ही२ चा क्लोन (नक्कल), आणि तिच्या सिरियल नोंदी वाचायला एक सीएच३४० ची यूएसबी-सिरियल पट्टी. मोटर कधी चालू झाली, कधी बंद झाली, हे ऑप्टोकपलरमार्फत (तारा न जोडता उजेडाने सिग्नल पोचवणारा भाग) पायच्या एका पिनवर येतं आणि वेळेसकट फाइलमध्ये उतरतं. ही फाइल पुढे फार कामाला आली.

अशा वेळी मी आधी एकच गोष्ट ठरवतो: नेमकं कोण कुणाशी बोलत नाही? साखळीत दोन सांधे आहेत. पाय ते एसटी-लिंक हा यूएसबीचा सांधा, आणि एसटी-लिंक ते चिप हा एसडब्ल्यूडीचा, म्हणजे चिपच्या प्रोग्रामिंग-डीबग तारांचा. ‘ओपन फेल्ड’ आलं तर अडचण पहिल्या सांध्यात आहे. ‘इनिट मोड फेल्ड’ आलं तर एसटी-लिंक जिवंत आहे, पलीकडची चिप उत्तर देत नाही. हे न पाहता मी पूर्वी तासन्‌तास कॉन्फिग फाइली बदलत बसलेलो आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

जोडलेल्या यूएसबी वस्तू दाखवणाऱ्या एलएसयूएसबीच्या यादीत ०४८३:३७४८, म्हणजे एसटी-लिंकचा ओळख-क्रमांक, दिसत होता. यादीत नाव असणं म्हणजे वस्तू शुद्धीवर असणं नव्हे. शेवटची यशस्वी ओळखपरेड झाली तेव्हाची ती नोंद असते. जुनी ओपनओसीडी मागे अडकून बसली आहे का पाहिलं, एक होती, ती मारली. फरक नाही. सुडोने चालवून पाहिलं, म्हणजे परवानगीचाही प्रश्न नव्हता. पायच्या व्हीसीजेनसीएमडी या आज्ञेला व्होल्टेजबद्दल विचारलं तर थ्रॉटल्डचा आकडा शून्य. पाय ३ बी ला येणारे ५ व्होल्ट ४.६३ च्या आसपास घसरले की तिथे बिट उमटतो. पाय चालू झाल्यापासून एकदाही उमटलेला नव्हता. बॅटरीवरचा संशय मी बाजूला ठेवला.

मग सिसएफएसमध्ये (लिनक्सच्या यंत्रणा-सेटिंगच्या फाइलींमध्ये) जाऊन त्या पोर्टचं ‘ऑथराइज्ड’ आधी ० आणि मग १ केलं. एसटी-लिंक यादीतूनही गेला. डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) नोंदींत, ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर −११०’, मग ‘−७१’, शेवटी ‘अनेबल टू एन्यूमरेट’. −११० म्हणजे विचारलं आणि उत्तराची वेळ संपली. −७१ म्हणजे जे आलं ते प्रोटोकॉलमध्ये बसणारं नव्हतं. छातीत धस्स झालं, कारण आता पायच्या लेखी ती वस्तू तिथे नव्हतीच.

थोडं शांत झाल्यावर उलगडा झाला. एसटी-लिंक व्ही२ च्या पोटात स्वतःचा एक एसटीएम३२ असतो. ऑथराइज्ड, अनबाइंड, यूएसबीरीसेट हे सगळे त्या चिपला केलेले निरोप आहेत. तिचं फर्मवेअरच अडकलं असेल तर निरोप घेणार कोण? तिचे ५ व्होल्ट काढून परत देणं एवढाच उपाय उरतो. समोर असतो तर तार उपटून लावली असती, दोन सेकंदांचं काम.

ते काम दुरून यूहबसीटीएल (यूएसबी पोर्टची वीज बंद-चालू करणारी आज्ञा) करतं, पण पाय ३ बी वर ते जपून वापरावं लागतं. या बोर्डावर लॅन९५१४ ही एकच चिप यूएसबी हबही आहे आणि इथरनेटही. चारही यूएसबी पोर्टांची वीज एकत्र बांधलेली, आणि तिचा खटका हब १-१ च्या पोर्ट २ वर. ३, ४, ५ ला कितीही बंद म्हणा, काही होत नाही. पोर्ट १ वर इथरनेट. म्हणजे माझ्या मांडणीत पोर्ट १ बंद केला की राउटर तुटला, राउटर तुटला की मी तुटलो, आणि मग सकाळी गाडी काढण्यावाचून इलाज नाही. आज्ञा टाइप केली, तीनदा वाचली. बंद, दहा सेकंद, चालू, हे सगळं एकाच ओळीत लिहून नोहपखाली सोडलं, म्हणजे मधेच माझं सेशन गेलं तरी ‘चालू’ चा भाग पाय स्वतः पुरा करील. ब्लू पिलला वीज वेगळ्या रेग्युलेटरवरून आहे. एसटी-लिंकच्या ३.३ व्होल्टवर ती चालत असती तर या खेळात व्हॉल्व्हचा ताबाही गेला असता.

अकरावं सेकंद. ०४८३:३७४८ परत यादीत. ओपनओसीडी चालवली, आणि या खेपेला ‘इनिट मोड फेल्ड’. पहिला सांधा जुळला, दुसरा बाकी.

दुसऱ्याचं कारण माझ्याच फर्मवेअरमध्ये होतं. वीज वाचवायला चिप मिनिटभर स्टॉप मोडमध्ये झोपते, तीनेक सेकंद जागी होऊन ओलावा मोजते, पुन्हा झोपते. झोपेत एसडब्ल्यूडी बंद. एरवी रीसेट दाबून धरून जोडतात, पण अशा बऱ्याच क्लोनवर आरएसटी (रीसेट) म्हणून जी पिन बाहेर काढलेली असते ती एसटीएम८ या दुसऱ्या चिपसाठीची असते, एसटीएम३२ चा रीसेट तिने हलत नाही. माझा त्यातलाच. म्हणून ओपनओसीडीला लूपमध्ये घातलं: जोड, नाही जमलं तर लगेच पुन्हा जोड, जमलं की त्याच क्षणी हॉल्ट, म्हणजे चिप थांबव. तिसऱ्या मिनिटाला चिप जागेपणी सापडली. नवं फर्मवेअर गेलं, पडताळणी झाली. त्यात एक ओळ वाढवली आहे: डीबीजीएमसीयू सीआर या रजिस्टरचे खालचे तीन बिट १, म्हणजे स्लीप, स्टॉप आणि स्टँडबायमध्येही डीबगरला (इथे एसटी-लिंकला) दार उघडं. ब्लू पिलच्या एफ१०३ चिपवर हे रजिस्टर साध्या रीसेटने पुसलं जात नाही, वीज गेली तरच पुसलं जातं, म्हणून ती ओळ सुरुवातीलाच हवी. झोपेतला करंट यामुळे वाढतो. शेतावर पॅनल आहे, मला परवडतो. नुसत्या सेलवर चालणाऱ्यांनी विचार करावा.

रात्रीचे सव्वाबारा. ताण वेळेवर तुटणार होता. पण एसटी-लिंक अडकला कशाने, हे अजून कळलं नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय मला झोप येत नाही.

बुधवारी डीमेसेजच्या आठवडाभराच्या नोंदी वरपासून नीट वाचल्या. एरर ७१ आणि ११० च्या आधी प्रत्येक वेळी एक ओळ होती. तिच्यावरून माझी नजर आजवर घसरत गेली होती: ‘पोर्ट डिसेबल्ड बाय हब, ईएमआय?, री-एनेबलिंग’. पोर्ट हबने आपण होऊन बंद केला, विद्युत-चुंबकीय व्यत्यय असेल का, असं कर्नल स्वतः विचारतंय, प्रश्नचिन्हासकट! त्या ओळींच्या वेळा मोटरच्या फाइलशेजारी लावल्या. सहा ओळी होत्या, त्यातल्या पाच मोटर चालू झाल्याच्या दोन सेकंदांच्या आत.

शेतावर असणाऱ्या तात्यांना फोन लावला.

“तात्या, लाइट आली की स्टार्टर आपोआपच ओढतो ना?”

“हाव, ऑटोला टाकलेलंय. कामून रे?”

“ओढताना खोलीत काही वेगळं जाणवतं का?”

“वेगळं काय आता. खाडकन् वाजतंय. अन् रेडिओ लावलेला असला तर त्या येळंला मोठ्यानं खरखरतो, मग व्हतो नीट. दरवर्षीचंच हाय ते.”

मीडियम वेव्हवरचा रेडिओ खरखरतो म्हणजे स्टार्टरच्या ठिणगीचा गोंगाट खोलीभर पसरतोय. एसटी-लिंकची दीड मीटरची तार त्याच गोंगाटात लोंबतेय, चांगल्यापैकी अँटेना म्हणून.

रविवारी गेलो. पाहिलं तर अंदाजाहून वाईट होतं. वायरमनने भिंतीवर नीटनेटकं दिसावं म्हणून यूएसबीची तार मोटरच्या थ्री-फेज केबलसोबत एकाच क्लिपात बसवली होती, दोन-अडीच फूट एकमेकींना चिकटून. पायची पेटी समोरच्या भिंतीवर नेली. तार ३० सेंटिमीटरची, शील्ड असलेली, दोन्ही टोकांना फेराइट (गोंगाट शोषणारे मणी). स्टार्टरच्या कॉइलला सप्रेसर (गोंगाट दाबणारा भाग) बसवला. इथे एक सावधगिरी: आपल्या विहिरीवरच्या स्टार्टरची कॉइल बहुतेक ४१५ व्होल्टची असते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा २७५ व्होल्टचा एक्स२ कपॅसिटर तिथे लावायचा नाही, तो फुटेल. कॉइलच्या व्होल्टेजचा तयार आरसी सप्रेसर मिळतो, तो घ्या, आणि मेन काढून, मोटरचं काम करणाऱ्या माणसाकडूनच बसवून घ्या.

आणि यूएसबी आयसोलेटर (दोन बाजूंचा विजेचा संबंध तोडून फक्त डेटा जाऊ देणारा), एडीयूएम४१६० चिपचा. या चिपवरून १२ मेगाबिटचा फुल-स्पीड जातो, हाय-स्पीड जात नाही. एसटी-लिंक व्ही२ फुल-स्पीडच आहे, त्यामुळे चपखल. पाय आणि ब्लू पिल यांच्या जमिनी (ग्राउंडच्या तारा) आता वेगळ्या झाल्या, असं समजून मी समाधानाने परतलो.

सोमवारी सकाळी लाइट आली, मोटर ओढली, आणि एसटी-लिंक पुन्हा रीसेट. या वेळी अडकला नाही, स्वतःहून परत आला, पण रीसेट झालाच. दिवसभर डोकं खाल्लं. संध्याकाळी कागदावर जमिनीच्या सगळ्या तारा काढल्या तेव्हा दिसलं: सीएच३४० ची जमीनही पाय आणि ब्लू पिलला जोडत होतीच. एका दाराला कुलूप घातलं आणि शेजारचं सताड उघडं. शिवाय ब्लू पिलचा रेग्युलेटर त्याच बॅटरीवर, म्हणजे ऋण टोकातून तिसरी वाट. आयसोलेटर घेणाऱ्यांनी आधी हा कागद काढावा. एक जरी सामाईक जमीन राहिली तरी पैसे पाण्यात.

पुढच्या रविवारी सिरियलच्या तारेत दोन ऑप्टोकपलर घातले, ९६०० बॉडच्या वेगाला ते पुरेसे आहेत. ब्लू पिल आणि व्हॉल्व्हला १२ व्होल्टची वेगळी लहान बॅटरी दिली.

त्यानंतर एकोणीस दिवस झाले. फाइलप्रमाणे मोटर चौतीस वेळा ओढली. डिसेबल्ड बाय हबची ओळ एकदा आली, एसटी-लिंक त्यातून आपोआप उठला. तरीही एक छोटी स्क्रिप्ट दर दहा मिनिटांनी त्याला हाक मारून पाहते आणि उत्तर नाही आलं तर पोर्ट २ ची वीज काढून परत देते. फ्लॅशिंग चालू असताना ती मधे पडू नये म्हणून लॉक फाइल आहे. ओपनओसीडी सतत चालू ठेवणंही बंद केलं, कामापुरती उघडतो.

बागेत फूल धरलंय. पाणी तिसऱ्या पाळीवर आहे.

पुढचा प्रयोग टेबलावर सुरू केला आहे: एसटी-लिंकच काढून टाकून पायच्या जीपीआयओ पिनांवरून थेट एसडब्ल्यूडी. ओपनओसीडीत बीसीएम२८३५ जीपीआयओचा ड्रायव्हर आहे, दोन्हीकडे ३.३ व्होल्टच आहेत, आणि खरी रीसेटची तारही हाती येते, म्हणजे झोपलेल्या चिपला पकडायला लूप नको. अडचण ही की मग जमीन पुन्हा एक होते. एसडब्ल्यूडीची डेटाची तार, एसडब्ल्यूडीआयओ, दोन्ही दिशांनी बोलते, त्यामुळे साधा ऑप्टोकपलर तिथे चालत नाही. कुणी या तारेला आयसोलेशन देऊन पाहिलं असेल तर किती किलोहर्ट्‌झपर्यंत टिकलं ते सांगा. माझं टेबलावर १०० ला टिकतंय, ५०० ला मार खातंय. सोमवारपासून आमच्या फीडरला रात्रीची लाइट आहे, तोवर शेतावर एसटी-लिंकच राहू देतो.