आजीची वाकळ, पोराचा स्विमिंग पूल आणि गच्चीवरचा मोगरा

होळीपर्यंत माझा फोन शांत झालेला असतो. मी घरूनच गोधड्या शिवून देते आणि ऑर्डरी काय त्या दिवाळी ते संक्रांत, नंतर कुणाला गोधडी आठवत नाही, बाळांची दुपटी तेवढी चालू राहतात. त्यामुळे फाल्गुन-चैत्र हे माझे स्वतःचे दिवस. मोगरा छाटायचा, कुंड्यांतली माती उपसायची आणि दर वर्षी ठरवून दर वर्षी राहून जाणारं काम म्हणजे आजीची वाकळ धुवायची. यंदा धुतली एकदाची. कशी धुतली ते सविस्तर लिहितेय कारण त्यातलं निम्मं चुकलं.

वाकळ माळ्यावर होती, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. गोधड्या शिवणाऱ्या बाईने हे करावं म्हणजे कहर आहे, सुती कापड प्लास्टिकमध्ये कोंदटतं, बुरशी धरतं हे मी गिऱ्हाइकांना दहा वेळा सांगते. पिशवी सोडली तर तो वास आला, पावसाळी कपाटाचा. आजी जतची, आयुष्यभर इरकलच नेसली, त्यामुळे वरचा थर तिच्याच लुगड्यांचा, काठ अजून शाबूत पण मधलं अंग इतकं विरलेलं की खालचं धोतर आरपार दिसतं. बाथरूमच्या काट्यावर ठेवली तर चार किलो. वय किती ते नक्की कुणालाच माहीत नाही, आई म्हणते १९७४ साली तिचं लग्न झालं तेव्हा ती घरात होतीच, आणि तेव्हाही नवी नव्हती.

एका कोपऱ्याचे टाके सुटले होते म्हणून टॉर्च घेऊन आत डोकावले. वर लुगडं, खाली धोतर, मग आजोबांचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, बटणाची काजीसुद्धा तशीच, आणि त्याच्याखाली चक्क अजून एक गोधडी. म्हणजे जुनी फाटली की तिलाच पोटात घेऊन वरून नवं लुगडं चढवायचं, हे आमच्याकडे सर्रास चालायचं, पण स्वतःच्या आजीच्या वाकळीत बघताना हात थांबलाच जरा. लोंबणारे चार धागे काढून मेणबत्तीवर धरले. धोतराचा धागा कागदासारखा भुरकन जळून राख झाली, शर्टाचा आकसला आणि टोकाला काळी कडक गाठ बनली. म्हणजे टेरिकॉट, पॉलिस्टर मिसळलेलं कापड. हे पुढे कामाला येणार होतं, तेव्हा कल्पना नव्हती.

आईला व्हिडिओ कॉल करून दाखवली तर ती म्हणे, "अगं उसव सगळी आणि नवीन शिव, तुला काय जड आहे?" जड काहीच नाही, दोन दिवसांत होईल. पण उसवली की आजीचे टाके गेले आणि मला जपायचे होते ते तेच. आपली वाकळ कडेपासून शिवत शिवत आत येते, चौकोनात चौकोन, तिकडे कर्नाटकात हल्याळकडच्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या, बायकांची गोधडी, कवंदी, तीसुद्धा अशीच कडेपासून आत जाते, फक्त त्या कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. तर या वाकळीच्या तीन बाजूंना टाके लांब लांब, सैलसर, घाईतले, आणि चौथ्या बाजूला एकदम बारीक आणि उलट्या बाजूला कललेले. मी कॅमेरा जवळ नेला. आई दोन सेकंद गप्प आणि मग म्हणाली, "ही आत्या. डावखुरी होती ना ती." उसवायचा विषय तिथेच संपला.

मग धुणं. ओल्या पांढऱ्या रुमालाने लुगड्याचा प्रत्येक रंग दाबून बघितला, काठ, अंग, पदर, कुठेच रंग लागला नाही. खूश. रिठे पंचवीस-तीस रात्रभर भिजवले, सकाळी उकळून गाळून घेतले. आता एवढी मोठी वस्तू बुडवायची कशात, मशीन तर सोडाच, एका फेरीत चिंध्या हातात आल्या असत्या. शेवटी लेकाचा लहानपणीचा फुगवायचा स्विमिंग पूल गच्चीवर नेला, निळा, त्यावर डॉल्फिन. तळाशी जुनी चादर अंथरली, तिच्यावर वाकळ, कारण भिजल्यावर नुसती वाकळ उचलली तर स्वतःच्याच वजनाने फाटते, चादरीची चार टोकं धरून झोळीसारखी उचलावी लागते. गार पाणी, रिठ्याचं पाणी, आणि फक्त तळव्यांनी दाबायचं, चोळायचं नाही, पिळायचं तर अजिबात नाही. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघालं. दुसरंही. सोसायटीत एप्रिलपासून टँकर सुरू होतो म्हणून मार्चमध्येच उरकत होते, तरी मनातून चोरासारखंच वाटत होतं.

तिसऱ्या पाण्याला लाल.

आधी वाटलं डॉल्फिनचा रंग गेला की काय. पण नाही, आतून येत होतं, त्या आतल्या गोधडीतून, कुठलंतरी लाल फडकं असणार जे मी पाहिलंच नव्हतं. वरवर रुमाल दाबून काय उपयोग, थर सात-आठ! पोटात धस्स झालं. शेजारच्या काकू गच्चीतच कुरडया घालत होत्या, त्या ओरडल्या, "अगं तुझं लाल पाणी माझ्या चटईकडे येतंय बघ!" एकीकडे पायाने पाणी अडवतेय, एकीकडे पूल रिकामा करतेय, अशी धांदल. एक मात्र बरं केलं, वाळू दिली नाही. सुटलेला रंग एकदा वाळून बसला की मग काही खरं नाही. ओली असतानाच पाणी बदलत राहिले, गार पाणी, दर पंधरा मिनिटांनी, सहा वेळा. शेवटचं जवळजवळ स्वच्छ निघालं. आत्याच्या बाजूला वीतभर गुलाबी डाग राहिला तो राहिलाच.

काकू, त्यांचे यजमान, वॉचमन आणि मी, चौघांनी झोळी उचलली. चटईवर चादर, त्यावर वाकळ उलटी, कारण या दिवसांतलं ऊन रंग खातं, आणि वरून पातळ साडी, कारण कबुतरं. पुण्यात राहणाऱ्यांना कबुतरांचं वेगळं सांगायला नको. वाळायला पूर्ण दोन दिवस आणि वर अर्धा.

दुरुस्तीत विशेष काही नाही, वेळ मात्र पंधरा दिवस. ठिगळ नव्या कापडाचं लावायचं नाही एवढंच, नवं कापड ताठ, ते शेजारच्या विरलेल्या कापडाला ओढतं आणि ठिगळाच्या कडेने नवीन फाटतं. मी सासूबाईंची जुनी मलमलची साडी मागितली, त्यांनी तीन दिवस कुरकुर करून दिली. दोराही सुतीच, पॉलिस्टरचा चिवट दोरा जुन्या कापडाला करवतीसारखा कापतो. बारीक सुई आणि जमेल तिथे जुन्याच भोकातून टाका. आत्याच्या बाजूला सुई लावलीच नाही.

मधल्या काळात बाग. मोगरा खरं तर जानेवारी संपता संपता छाटायला हवा, मी होळीनंतर छाटला म्हणून उशीर झालेला. पानं ओरबाडली, आठवडाभर पाणी तोडून ताण दिला, मग वरची माती उकरून शेणखत घालून भरपूर पाणी. जास्वंदीवर मिलीबग भरला होता, पांढरा कापूस नुसता, त्यावर उरलेलं रिठ्याचं पाणी पातळ करून संध्याकाळी फवारलं. तीनदा फवारावं लागलं आणि अधूनमधून जुन्या टूथब्रशने घासावं लागलं, एका फवाऱ्यात काही जात नाही.

त्या सुटलेल्या कोपऱ्यातून कुजलेलं भरण थोडं काढावं लागलं होतं, मूठभर चिंध्या, धोतराच्या आणि त्या शर्टाच्या. टाकवेनात. पाडव्यानंतर चार दिवस जतला जायचं होतं आणि कुंड्यांना पाणी घालायला कुणी नव्हतं, तेव्हा चिंध्या वळून वाती केल्या, एक टोक बादलीत, एक टोक कुंडीत मुळापाशी खोचलेलं, बादली जरा उंचावर. शेवटी धोतर संपलं म्हणून पुदिन्याच्या कुंडीला शर्टाची वात लावली.

परत आले तर मोगऱ्याला टपोऱ्या कळ्या आणि माती ओली. पुदिना मात्र वाळून कोळ. टेरिकॉट सुतासारखं पाणी ओढत नाही हे मेणबत्तीपाशीच कळायला हवं होतं.