कटु म्हणजे कडू नव्हे

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा शाळेतून फोन आला आणि डोळ्यांपुढं आली ती बाईंच्या हातातली कागदाची पुडी. घंटा, मैदान, स्नेहसंमेलन यांवर बाकीचे लिहितीलच.

आठवीची सहामाही. संस्कृतच्या पेपरात 'कटु'चा अर्थ मी बिनधास्त 'कडू' लिहिला होता. निम्म्या वर्गानं तेच लिहिलं होतं, पण उभं केलं मला. बाईंनी पुडी सोडून चिमूटभर पूड तळहातावर ठेवली. "चाट."

चाटली. नाका-डोळ्यांतून पाणी!

"कडू लागली?"

"न्हाई बाई, तिखट."

"हिचं नाव त्रिकटु. सुंठ, मिरी, पिंपळी. आता सांग, यातलं कडू काय आहे?"

मग पुढचा सगळा तास त्या एका शब्दावर गेला. आयुर्वेदाच्या सहा रसांतला कटु म्हणजे आपलं तिखट, आणि तिक्त म्हणजे कडुनिंबासारखं कडू. मराठीत येता येता कटुचा कडू झाला आणि तिखट आलं तीक्ष्णावरून. म्हणून तर कानही तिखट असतात, जीभही. मिरचीचा या जुन्या भानगडीशी संबंधच नाही. १४९८ साली पोर्तुगीज कालिकतला उतरले, ती त्यांच्या मागून आली. "मग बाई, तांबडा रस्सा तांबडा कशानं व्हायचा?" असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या.

आज माझं मिरची कांडप आहे. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. उन्हाळ्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. आपल्याकडं चटणी म्हणजे लाल तिखट, हे बाहेरच्या गिऱ्हाइकाला समजावावं लागतं, ते ठीक आहे. पण आता पेठेतली पोरंसुद्धा 'मीडियम स्पायसी' मागतात. झणझणीत, जळजळीत, तिखटजाळ एवढे शब्द घरात असताना!

रिटायर झाल्यावर बाई दर एप्रिलला चटणी करून न्यायला यायच्या. पैसे मोजून द्यायच्या, एक रुपया सोडू द्यायच्या नाहीत. एकदा चिमूट जिभेवर ठेवून वर्गातल्याच आवाजात म्हणाल्या, "वा! चांगली कटु झालीय रे!" त्यांच्या मागं रांगेत असलेल्या मावशींनी आपली मिरच्यांची पिशवी उचलली आणि तडक चालू लागल्या.

बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अरे, बघतोस काय? पळ, अर्थ सांगून ये."