सत्तरला एक कमी

‘एका गुणासाठी पोराचा खेळ बंद करता, ६९ चे ७० करायला तुमचं काय जातं हो?’ टेक्सासमधल्या एका सरकारी हायस्कुलात मी बीजगणित शिकवते आणि हा प्रश्न मला दोन्हीकडे ऐकावा लागतो: इथे पालकांकडून आणि नाशिकला गेले की नातेवाइकांकडून. तिकडे दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव क्रीडागुण मिळतात, त्यामुळे गुण कमी पडले म्हणून खेळच थांबवायचा, हा प्रकार त्यांना उफराटा वाटतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

हा नियम माझा नाही, माझ्या शाळेचाही नाही. तो राज्याचा कायदा आहे. १९८४ मध्ये गव्हर्नर मार्क व्हाइट यांच्या काळात, उद्योगपती रॉस पेरो यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर तो आला आणि ‘नो पास, नो प्ले’ या नावाने ओळखला जाऊ लागला. एका जरी विषयात ७० पेक्षा कमी गुण पडले, तर विद्यार्थ्याला सहा आठवडे कोणत्याही स्पर्धेत उतरता येत नसे. हे बंधन फुटबॉलइतकेच शाळेच्या बँडला आणि वादविवादाच्या संघालाही लागू होते, पण आरडाओरडा झाला तो अर्थातच फुटबॉलसाठी. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९८५ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने, शालेय उपक्रमांत भाग घेणे हा मूलभूत हक्क नाही, असे म्हणून कायदा कायम ठेवला. पुढच्याच वर्षी व्हाइट निवडणूक हरले. प्रशिक्षकांचा त्यांच्यावर राग होताच, आणि त्याच सुमारास सक्तीची परीक्षा द्यावी लागल्याने शिक्षकही चिडलेले होते.

१९९५ मध्ये सहा आठवड्यांचे तीन झाले. आता नापास झालेला मुलगा सराव करू शकतो, सामना खेळू शकत नाही. तीन आठवड्यांनी सगळ्या विषयांत ७० किंवा अधिक गुण दिसले, तर आणखी सात दिवसांनी त्याला मैदान खुले होते. गुणांकन-काळ, म्हणजे ज्या आठवड्यांच्या कामावर गुण दिले जातात तो काळ, संपल्यावर अपात्रता लागू व्हायलाही सात दिवस जातात. मला येणारे बहुतेक फोन या सात दिवसांतले असतात, आणि तोवर माझ्या हातात काहीही उरलेले नसते. कायद्याने शिक्षकाने दिलेले गुण अंतिम असतात. ते मनमानीने दिलेले असतील, चुकीचे असतील किंवा शाळेच्या गुणदान-धोरणाला सोडून असतील, तरच बदलता येतात. म्हणून असा फोन आला की मी त्या मुलाचे सगळे पेपर पुन्हा तपासते. दोनदा माझीच बेरीज चुकलेली निघाली आणि मी ती निमूटपणे दुरुस्त केली. बाकी वेळा ६९ चे ६९ च राहिले. एकाचे वाढवायचे आणि मागच्या बाकावरच्या, कोणताही खेळ न खेळणाऱ्या मुलीचे ६९ तसेच ठेवायचे, हे मला जमणार नाही.

तरीही या नियमाची तरफदारी मी डोळे मिटून करत नाही. प्रगत दर्जाच्या ठरावीक वर्गांना त्यातून सूट आहे. तिथे नापास झालेला मुलगा शुक्रवारी रात्री खेळू शकतो आणि माझ्या साध्या वर्गातला, ६९ वर अडकलेला मुलगा बाकड्यावर बसतो. शिवाय ज्याला शाळेशी बांधून ठेवणारी एकमेव गोष्ट संघ ही आहे, त्याचीच ती गाठ आपण सोडतो. एक मुलगा अपात्र ठरल्यावर रोज सकाळी शिकवणीला आला आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा मैदानात उतरला. त्याचे उदाहरण सगळे देतात. त्याच वर्षी दुसऱ्या एकाने आधी सरावाला येणे सोडले, मग माझ्या तासाला, आणि मार्चमध्ये त्याचे नाव पटावरून गेले. मी त्याला दिलेले ६४ गुण बरोबर होते. ते आठवले की अजूनही बरे वाटत नाही.

एकुणसत्तरचे सत्तर झाले म्हणून पुढचे दारही उघडते असे नाही. पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयीन संघात खेळायचे तर एनसीएए ही अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांचे नियम ठरवणारी संस्था हायस्कूलमधले १६ मुख्य विषय आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ ची सरासरी मागते, आणि त्या १६ पैकी १० विषय शेवटचे वर्ष सुरू होण्यापूर्वी पूर्ण झालेले असावे लागतात. बीजगणित त्या १६ मध्ये येते. कसाबसा मिळवलेला सत्तर ही सरासरी खालीच ओढतो, आणि हे पालकांना बहुधा अकरावीत कळते.

तेव्हा माझी एक विनंती आहे. गुणांकन-काळाच्या मध्यावर आम्ही जे प्रगतिपत्रक पाठवतो, ते मुलाच्या दप्तरातून बाहेर काढा. त्यावर ६९ दिसले तर सामन्याच्या आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी मला फोन करा. माझा वर्ग सकाळी साडेसातला उघडा असतो आणि त्या वेळी तिथे बरीच बाके रिकामी असतात.