अल्फा-१ अँटिट्रिप्सिन: यकृतात घडणारा फुप्फुसांचा राखणदार

कच्च्या पपईचा कीस लावून ठेवलेले मटण लवकर शिजते, कारण पपईच्या चिकातील पपेन हे विकर, म्हणजेच एन्झाइम, मांसातील प्रथिने तोडते. १९६० च्या दशकात पिट्सबर्ग येथे पॉल ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच पपेन उंदरांच्या श्वासनलिकेत सोडले, तेव्हा त्यांच्या फुप्फुसांतील वायुकोशांच्या भिंती नष्ट होऊन एम्फिसेमा झाला. मग आपल्या फुप्फुसांत तशाच ताकदीची विकरे रोज सुटत असताना ती शाबूत कशी राहतात, हा प्रश्न साहजिकच पुढे आला.

त्याच्या उत्तराचा धागा त्याच सुमारास स्वीडनमध्ये हाती लागला होता. कार्ल-बर्टिल लॉरेल आणि स्टेन एरिक्सन यांनी सुमारे १५०० रुग्णांच्या रक्तद्रवाच्या इलेक्ट्रोफोरेसिस पट्ट्या (ज्यांवर विद्युतप्रवाहाने प्रथिने वेगळी होऊन रेषांच्या रूपात दिसतात) तपासल्या आणि १९६३ मध्ये पाच जणांविषयी लिहिले. त्या पाचही पट्ट्यांवर अल्फा-१ ही रेषा जवळजवळ नव्हतीच, आणि पाचांपैकी तिघांना फुप्फुसांचा विकार होता. विद्यार्थ्यांना अशी पट्टी दाखवताना मी आधी या रेषेकडेच बोट दाखवतो, कारण अल्ब्युमिनच्या ठसठशीत डागाशेजारी असलेली ती फिकट रेषा एरवी नजरेतून सहज निसटते. ती बहुतांशी एकाच प्रथिनाची असते: अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. ३९४ अमिनो आम्लांचे हे प्रथिन मुख्यतः यकृतात तयार होते, रक्तातून सर्वत्र पोहोचते आणि फुप्फुसांत न्यूट्रोफिल इलॅस्टेज या विकराला आवर घालते, म्हणजेच त्याचा रोधक म्हणून काम करते.

न्यूट्रोफिल ही जंतूंशी लढणारी श्वेतपेशी. तिच्यातील सूक्ष्म कणांत इलॅस्टेज ठासून भरलेले असते. कणाच्या आत त्याची तीव्रता आसपासच्या द्रवातील रोधकाच्या शंभर पटींहून अधिक भरते. त्यामुळे कण फुटताच पहिल्या क्षणी विकराचेच पारडे जड असते आणि अगदी जवळची ऊती थोडीफार झिजतेच, निरोगी माणसातही. विकर पसरत जाऊन विरळ झाले की रोधक त्याला गाठतो. म्हणजे खरा प्रश्न नुकसान होते की नाही हा नसून ते किती अंतरावर थांबते हा आहे, आणि ते अंतर रोधकाच्या प्रमाणावर ठरते. इलॅस्टेज ज्याला तोडते ते, वायुकोशांना लवचीकपणा देणारे इलॅस्टिन प्रौढ वयात फारसे नव्याने तयार होत नाही, म्हणून ही झीज वर्षानुवर्षे साचत जाते.

रोधकाची काम करण्याची पद्धत मला रसायनशास्त्रातील अत्यंत देखण्या यंत्रणांपैकी एक वाटते. हे प्रथिन म्हणजे ताणून ठेवलेला उंदराचा चाप आहे. त्याच्या पृष्ठभागावर एक वळसा बाहेर आलेला असतो आणि त्यात ३५८ व्या स्थानावरील मिथिओनिन हे अमिनो आम्ल आमिषासारखे उघडे असते. इलॅस्टेज नेहमीप्रमाणे तेथे तोड घालायला येते, तोड घालते आणि क्षणभर त्या तुकड्याला रासायनिक बंधाने जोडलेले राहते. नेमक्या त्या क्षणी तुटलेला वळसा प्रथिनाच्या मुख्य पत्र्यात, म्हणजे त्याच्या साखळीच्या समांतर पट्ट्यांनी बनलेल्या सपाट भागात, झटकन घुसतो आणि चिकटलेल्या विकराला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरफटत नेतो. या झटक्यात विकराची क्रियाशील जागा पार वेडीवाकडी होते आणि सुरू केलेली तोड त्याला पूर्ण करता येत नाही. हे दृश्य स्फटिकरचनेतून २००० मध्ये स्पष्ट झाले. चाप एकदाच उडतो. एका विकरामागे रोधकाचा एक रेणू खर्ची पडतो, आणि म्हणूनच यकृताला त्याचा पुरवठा अखंड चालू ठेवावा लागतो.

आमिष कोणते, यावर शिकार ठरते. १९८३ मध्ये नोंदवलेल्या एका मुलाच्या प्रकरणात ३५८ व्या जागी मिथिओनिनऐवजी आर्जिनिन आले होते. त्या एका बदलाने हे प्रथिन इलॅस्टेज सोडून रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला पकडू लागले, आणि त्या मुलाला गंभीर रक्तस्राव होत असे.

मिथिओनिनमध्ये गंधक असते आणि त्याचे ऑक्सिडीकरण सहज होते. सिगारेटचा धूर नेमके हेच करतो. ऑक्सिडीकरण झालेला रोधक इलॅस्टेजला इतक्या मंद गतीने पकडतो की त्याचा उपयोग उरत नाही, आणि त्याच धुरामुळे फुप्फुसांत न्यूट्रोफिलही जास्त येतात. धूम्रपानाची हानी केवळ ‘फुप्फुसांत काजळी बसते’ एवढ्यावर संपवणाऱ्या आरोग्यलेखांविषयी माझी तक्रार आहे ती यासाठी.

जन्मजात कमतरतेचे गंभीर रूप ‘झेड’ या प्रकारात दिसते. येथे ३४२ व्या स्थानावरील ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन येते. हा बदल आमिषात नाही, चापाच्या स्प्रिंगमध्ये आहे: एका रेणूचा वळसा शेजारच्या रेणूच्या पत्र्यात अडकतो, साखळ्या बनतात आणि प्रथिन यकृतपेशीतच तुंबते. परिणामी एकाच जनुकामुळे यकृताला साचलेल्या प्रथिनाची इजा होते, तर फुप्फुसे त्याच्या अभावाने झिजतात. काही अर्भकांत हा विकार प्रथम लांबलेल्या काविळीने प्रकट होतो. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत ‘झेड’ तुलनेने अधिक आढळतो. भारतात तो दुर्मीळ आहे, त्यामुळे ही तपासणी आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. सांगितली तरी एक पथ्य पाळावे लागते. संसर्ग किंवा दाह असताना या प्रथिनाची पातळी वाढते, त्यामुळे सौम्य कमतरता झाकली जाऊ शकते. म्हणून सोबत सीआरपी, म्हणजे रक्तातील दाह दाखवणारी चाचणी, पाहणे शहाणपणाचे ठरते.

उपचारांत दात्यांच्या रक्तद्रवातून शुद्ध केलेले प्रथिन दर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे ६० मिलिग्रॅम या प्रमाणात शिरेतून देतात. अमेरिकेत त्याला १९८७ मध्ये मान्यता मिळाली. त्याने फुप्फुसांची झीज मंदावते, मात्र यकृतातील साठ्यावर काहीच परिणाम होत नाही. उलट यकृतातील निर्मितीच रोखणारी, जनुकाचा संदेश वाहणाऱ्या आरएनएवर काम करणारी औषधे अभ्यासली जात आहेत. त्यांनी साठा कमी होतो, परंतु रक्तातील आधीच तुटपुंजी पातळी आणखी खाली जाते. दोन्ही अवयवांचे गणित एकदम सुटते ते यकृताच्या प्रत्यारोपणाने: नवे यकृत दात्याच्या जनुकानुसार नेहमीचे प्रथिन बनवते आणि ते रक्तातही सोडते. पण तोवर विरलेल्या वायुकोशांच्या भिंती त्यानेही परत येत नाहीत.